मिक्सरच्या आडचं गाणं

बाईंनी मला दवाखान्याच्या टेबलामागं बसण्यालायक केलं, हे आधी सांगते. बाकीचं मागून. बाकीचं लिहिताना हात थांबला, तरी एवढं तरी कागदावर आलेलं असेल.

माझी शाळा सातवीत सुटली. गाव इथून लांब, खानदेशात, तापीच्या काठी. नवऱ्यासोबत उमरग्याला आले. तो हायवेवर ट्रकांचे टायर बघायचा. एक दिवस हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकमध्ये चढला, ‘येतो’ म्हणाला आणि आला नाही. त्याला आठ वर्षं झाली. आम्ही बाईंच्या माडीवरच्या खोलीत राहायचो. महिनाभर वाट बघून मी बोचकी बांधली, तर बाई जिन्यात आडव्या उभ्या.

“कुठं निघालीस?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही तिथं जायला एवढी बोचकी कशाला? ठेव ती खाली. आणि डोळे पूस, जिना निसरडा होतो.”

बाई मुलींच्या शाळेत संगीत शिकवायच्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. मला इंग्रजी अक्षरं धड येत नव्हती. त्यांनी गल्लीतून औषधांच्या रिकाम्या पट्ट्या गोळा केल्या आणि रोज संध्याकाळी मला समोर बसवून वाचायला लावलं. तेही तालात. “पॅ-रा-सि-टा-मॉल. पाच झाले? आता तीन मात्रा मोकळ्या सोड. केरवा ताल आठाचा असतो. मग पुढचं औषध.” चुकले की गुडघ्यावर टिचकी. अजूनही दवाखान्यात एखादं अवघड नाव आलं की माझी बोटं टेबलावर आपोआप चालू होतात आणि पेशंट माझ्याकडं बघत राहतात. केसपेपर काढायचं हे काम बाईंनीच डॉक्टरसाहेबांना सांगून लावून दिलं. साहेबांनी विचारलं, “शिक्षण किती?” मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, “पुरेसं.”

आता जे सांगणार आहे, ते कुणाला सांगणार नाही अशी मी शपथ घेतलेली आहे. बाईंच्या पेटीवर हात ठेवून. ती शपथ आज मोडते आहे. म्हणून नाव कुणाचंच लिहीत नाही, माझंसुद्धा.

बाईंचा कान म्हणजे एक त्रासच होता. जगातल्या प्रत्येक आवाजाला पट्टी असते आणि ती चुकलेली असते, असं त्यांचं मत. सकाळची एसटी काळी दोनमध्ये हॉर्न द्यायची, ती त्यांना पसंत होती. दूधवाल्याची मोटारसायकल कुठल्याच पट्टीत बसायची नाही, म्हणून त्याला हॉर्न वाजवायची बंदी. तो बिचारा दारात येऊन तोंडानं ‘दूध’ म्हणायचा. त्यालाही एकदा त्या म्हणाल्या, “दूध खाली उतरतंय तुमचं. वर घ्या.” पाणी घालतो म्हणतायत असं वाटून तो शपथा खायला लागला.

गल्लीतल्या बायकांचं भजनी मंडळ बाईंचं. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्या ओसरीवर पंधरा-वीस बायका जमायच्या. कुणी चाल सिनेमाची लावली की बाई पेटीचा भाता बंद करून नुसत्या बघत राहायच्या. लग्नातल्या डीजेवर तर त्यांचा दातच होता. पोलीस ठाण्यात अर्ज दिला होता, त्यावर गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या सह्या. माझीही. त्यातलं ‘कर्णकर्कश, अश्लील व संस्कारहीन’ हे बाईंचं स्वतःचं वाक्य. माझ्याकडून तीनदा लिहून घेतलं होतं, शुद्धलेखनासाठी.

माणसांसमोर त्या पुस्तकी बोलायच्या. ‘नाही’, ‘कुठे’, ‘हो’. घरात एकट्या असल्या की मुरुम गावाकडची माहेरची बोली सुटायची, लई आणि न्हाय आणि व्हय.

आणि चटणी. बाईंकडची शेंगाची चटणी कधी संपायची नाही. एकटी बाई, किती खाणार? पण दुपारी अडीच-तीनला, गल्ली जेवून आडवी झाली की त्यांचा मिक्सर सुरू व्हायचा. दूधवाल्याला चटणी, पोस्टमनला चटणी, भजनाच्या बायकांना डबे भरून चटणी. माझ्या खोलीत तर बरण्या ठेवायला फळी उरली नव्हती. मला वाटायचं, एकेकाचा हात सढळ असतो.

एकदा दवाखान्यात डोकं दुखायला लागलं म्हणून मी दुपारीच घरी आले. खाली मिक्सर चालू. डोकेदुखीची गोळी मागायला मी तशीच स्वयंपाकघरात गेले. बाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या. मिक्सरच्या भांड्यात काहीच नव्हतं. नुसतं पातं फिरत होतं. फोन पदराखाली कानाला लावलेला, एक हात झाकणावर ठेका धरतोय आणि बाईंची कंबर हलत होती. फार नाही. जात्यावर बसलेली बाई हलते तितकीच. पण मान डोलत होती आणि तोंडातून हळूच निघालं, “पोंऽ पोंऽ!”

मी आल्या पावली वर गेले.

थोड्या वेळानं बाई वर आल्या. हातात वाटी, वाटीत चटणी. दारातच उभ्या.

“काय पाहिलंस?”

“काही नाही.”

“खोटं तरी तालात बोल.” मग बसल्याच माझ्या खाटेवर. तोंड उतरलेलं. “खाली ये. पेटीवर हात ठेवून सांग, कुणाला बोलणार न्हाय म्हणून. मंडळातल्या बायकांना कळलं ना, तर मी हिरीत जीव देईन.”

मी हसले नाही. हसायला यायला पाहिजे होतं, पण त्यांचा चेहरा बघून भीती वाटली.

गाणं होतं डीजेचंच. हळदीत वाजतं तसलं. एक मेव्हणी आपल्या दाजीला चिडवते, तुमच्या ट्रॅक्टरला हॉर्नच न्हाय म्हणून. त्यावर दाजी हॉर्न वाजवून दाखवतो. एवढाच अर्थ, आणि त्याच्या आडून दुसराही, तो मी कशाला लिहू. असली पंचवीस-तीस गाणी बाईंच्या फोनमध्ये होती. पण जीव या एकावर.

“हॉर्न कुठं येतो बघ,” एकदा त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. पट्ट्या वाचायला शिकवल्या तसंच, गंभीरपणे. “गाढवाला पण वाटेल की समेवर येणार. पण न्हाय. समेच्या आधी अर्धी मात्रा. आपण बोट वर करून बसलेलो आसतो, आन् ते चोरासारखं आधीच येऊन जातं. ज्यानं कुणी हे केलंय ना, त्याला काय येत न्हाय, पण हे एक लई भारी आलंय.” हॉर्नच्या आधी त्या डाव्या हाताचं पहिलं बोट वर करायच्या. हॉर्न वाजला की बोट खाली आणि बाई खुदकन हसायच्या. लहान पोरीसारख्या. मला त्यांचे वरचे दात त्याच वेळी दिसायचे, एरवी नाही.

तेव्हापासून नियम ठरला. मिक्सर चालू असला की मी खाली जायचं नाही. हाक मारली तर जायचं. नाही मारली तर मिक्सर बंद होईपर्यंत वरच बसायचं. हा नियम लक्षात ठेवा. मला तर विसरताच येत नाही.

एवढी लाज कशाची, असं मी एकदा धीर करून विचारलं. “बाई, गाणंच आहे. ऐकतात सगळे.”

बाई म्हणाल्या, “सगळे ऐकतेत. सगळ्यांनी पोरीला मारलं न्हाय.”

शाळेच्या गॅदरिंगला आठवीतल्या एका मुलीनं असल्याच कुठल्या तरी गाण्यावर नाच केला होता. ठरलं होतं गौळण म्हणून आणि नाचली भलतंच. बाई पेटी सोडून उठल्या, स्टेजवर गेल्या आणि सगळ्या गावासमोर तिच्या थोबाडीत दिली. दुसऱ्या दिवशी बाप शाळेत येऊन दाखला घेऊन गेला. गावानं पोरीला पाहिलं, आता घरी बसव, असं भाऊबंद त्याला म्हणाले. वर्षाच्या आत तिचं लग्न लावलं.

“तिचा ठेका चुकला नव्हता गं,” बाई म्हणाल्या. “मला राग त्याचाच आला आसंल. माझ्या एका पण शिकवलेल्या पोरीचा एवढा बरोबर न्हवता.” मग माझ्याकडं बघून, “तू कितवीत सोडलीस म्हणालीस?”

“सातवी.”

“हां,” म्हणाल्या आणि औषधाची पट्टी पुढं सरकवली. “वाच.”

त्या मुलीला मुरुमला दिलं होतं. बाई वर्षातून दोन-तीनदा एसटीनं मुरुमला जायच्या. बाजारातून एक फेरी मारायच्या आणि काही न घेता परत यायच्या. माहेरी पण कुणी उरलं नव्हतं. कशाला जाता, विचारलं की म्हणायच्या, “तिथली हवा चांगली आहे.” ती मुलगी भेटली का, दिसली तरी का, मला माहीत नाही.

एकदा आमच्या गल्लीतून परण्या निघाला. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीला जातो, त्याला इकडं परण्या म्हणतात. पुढं डीजेची गाडी. खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. बायका बाईंच्या दारात जमल्या, “बाई, बघा की हो, काय चाललंय.” बाई काठी घेऊन उतरल्या. गाडीसमोर मधोमध उभ्या. मी मागं. नाचणारी माणसं बाजूला झाली. नवरदेवाचा मामा हात जोडून आला, “बाई, एवढं एक गाणं होऊ द्या, मारुती आलाच.” आणि वाजत होतं नेमकं तेच, ट्रॅक्टरचं. बाईंनी काठी वर उचलली. उचललेलीच ठेवली. सगळी गल्ली श्वास रोखून बघतेय, बाईंचा चेहरा दगडासारखा. हॉर्न वाजला. मग काठी खाली आली, रस्त्यावर आपटली, आणि त्या ओरडल्या, “बंद करा हे!”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या गर्दीत काठी का थांबली होती, ते मला एकटीला माहीत होतं. घरी येऊन बाई पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “डीजेच्या त्या मोठ्या पेट्यांवर लई गोड वाटतं गं.” डोळे भरलेले. आनंदानं की लाजेनं, विचारलं नाही.

आता ते सांगते.

गुरुवार होता. गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असतो. मी वर साड्यांना इस्त्री करत होते. खाली मिक्सर सुरू झाला. मी मनात म्हटलं, चला, बाई बसल्या गाण्याला. एक साडी झाली, दुसरी झाली. मिक्सर चालूच. आज रंगल्यात, असं वाटलं. मला बरंसुद्धा वाटलं. हाक आली नाही, म्हणून मी गेले नाही. तिसऱ्या साडीला जळका वास आला. मी इस्त्री उचलून बघितली. इस्त्री ठीक होती. वास खालून येत होता.

बाई ओट्याखाली पडल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे. मिक्सर जळून धूर निघत होता. फोन पदरात अडकलेला आणि गाणं चालूच, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मी काय केलं असेल? आधी गाणं बंद केलं. मग मिक्सर. मग गल्लीला हाक मारली.

डॉक्टरसाहेबांनी पहिला प्रश्न तोच विचारला, “किती वाजता झालं?” आमच्याच दवाखान्यात मी हा प्रश्न शंभरदा ऐकलेला आहे. तोंड वाकडं झालेलं माणूस आणलं की वेळ किती गेला ते आधी विचारतात, कारण पुढचं सगळं त्यावर असतं. मी म्हणाले, “माहीत नाही.” पडल्या कधी ते खरंच माहीत नव्हतं. पण मिक्सर कधी सुरू झाला, ते माहीत होतं. ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तू खाली का गेली नाहीस? त्याचं उत्तर पेटीवर हात ठेवून मी बंद केलेलं होतं. असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे घाबरले.

सोलापूरच्या हॉस्पिटलमधून पंधरा दिवसांनी बाईंना घरी आणलं. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. डावा हात तेवढा चालायचा. हैदराबादहून बाईंचा मुलगा आणि सूनबाई येऊन राहिले. वाईट नव्हते ते, हे स्पष्ट लिहिते. सूनबाई बाईंना भरवायच्या, कूस बदलायच्या, कधी कपाळाला आठी नाही. पण येताना त्यांनी एक मशीन आणलं होतं. भिंतीतल्या प्लगला लावायचं, चार्ज केलं की नुसतंही चालणारं, मुठीएवढं. लावलं की देवाचं नाव सुरू. एकच ओळ, सकाळपासून रात्रीपर्यंत.

“आईंचं सगळं आयुष्य भजनात गेलं,” मुलगा म्हणाला. “कानावर नाम असलं की बऱ्या होतील. आणि नाहीच झालं, तर शेवटी तरी...”

तसलं मशीन पूर्वी शेजारच्या घरी आलं होतं. बाई तिथून दोन मिनिटांत उठून आल्या होत्या. “अर्धा सूर उतरलंय ते. आन् दर खेपेला तसंच उतरतंय. देवाला चालत आसंल, मला न्हाय चालत.” आणि आता तेच उशाशी.

बाई डाव्या हातानं मशीनकडं बोट दाखवायच्या. घशातून आवाज काढायच्या. सूनबाईंच्या डोळ्यांना पाणी यायचं. “अहो, बघा ना, नाम ऐकायचंय त्यांना. ऐकू येत नसेल. आवाज वाढवा थोडा.”

आवाज वाढवला. बाईंनी डोळे मिटले.

मी म्हणून बघितलं, “ताई, दुपारच्याला थोडा वेळ बंद ठेवायचं का? झोप लागेल त्यांना.”

“देवाचं नाव बंद करायचं?” सूनबाई माझ्याकडं बघत राहिल्या. “असं कसं म्हणवतं तुम्हाला?”

त्यानंतर मी काय बोलणार? सातवी नापास भाडेकरू बाई मी. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. आणि बाई ऐकत होत्या ना, समोरच पडलेल्या. त्यांच्यासमोर त्यांची लाज उघडी करायची?

मग मुलानं बाईंचा फोन उघडला. दारात मला थांबवून विचारलं, “आईच्या फोनमध्ये हा कचरा कुणी भरला?”

मी खाटेकडं बघितलं. बाईंचा एक डोळा माझ्यावर लागलेला.

“मी,” म्हणाले. “माझ्या फोनला जागा नव्हती.”

“कमाल आहे. आईच्या फोनमध्ये? लाज नाही वाटली?” त्यानं सगळी गाणी पुसून टाकली. त्या दिवसापासून सूनबाई मला एकटीला खोलीत सोडेनाशा झाल्या. बाईंच्या डोळ्यातून पाणी आलं, ते उशीवर गेलं. माझे उपकार मानत होत्या की गाणी गेली म्हणून रडत होत्या, कोण सांगणार.

त्यांना हैदराबादला न्यायचं ठरलं. जायच्या आदल्या दुपारी मुलगा बँकेत गेला होता, सूनबाई आंघोळीला. मी माझ्या फोनवर ते गाणं शोधून ठेवलं होतं. मशीन बंद करायचा धीर झाला नाही. इअरफोनच्या वायरचं एक टोक बाईंच्या डाव्या कानात घातलं, त्यावर पदर ओढला आणि लावलं.

पहिल्यांदा काहीच नाही. मग डाव्या हाताची बोटं चादरीवर हलली. आठापर्यंत गेली. पुन्हा एकपासून. बरोबर. एक मात्रा इकडं तिकडं नाही. दोन महिन्यांत बाईंचं असं काही मी बघितलं नव्हतं. तोंडाची चांगली बाजू जरा वर गेली. मेव्हणीचं गाऊन झालं. बाईंनी पहिलं बोट वर केलं.

आणि न्हाणीघराची कडी वाजली.

मी वायर ओढून काढली. फोन पोलक्यात घातला. सूनबाई ओले केस घेऊन दारात. “काय करताय?”

“कान पुसत होते.”

त्यांनी बाईंकडं बघितलं. बोट वरच होतं. “बघा, वर दाखवतायत,” त्या हळूच म्हणाल्या आणि नमस्कार केला. “देवाकडं.”

बोट वरच राहिलं. मी उभी होते तोवर तरी ते खाली आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गेली. मशीन सूनबाईंच्या मांडीवर, चार्ज करून घेतलेलं, चालूच. मी कधीतरी फोन करते. मुलगा नीट बोलतो. “आई आहे तशीच आहे. दिवसभर नाम ऐकते,” म्हणतो. खालचं घर कुलपात आहे. मंडळ बंद पडलं. माझ्याकडं चटणीची एक बरणी उरलीय, तिला वास यायला लागलाय, पण टाकवत नाही.

रात्री झोप लागत नाही तेव्हा मी साड्या मोजते. पहिल्या साडीला खाली गेले असते तर. दुसऱ्या साडीला गेले असते तर. या हिशेबाला तळ नाही आणि तो मला कुणापाशी मांडताही येत नाही. बाई कधी बऱ्या होतील असं आता डॉक्टरसाहेबही म्हणत नाहीत.

पण हैदराबादचा पत्ता मी एका कोऱ्या केसपेपरवर उतरवून ठेवलाय, तुम्ही शिकवलेल्या अक्षरांत, बाई. तिकडची एसटी आमच्या दवाखान्यावरूनच जाते. रोज बघते आणि रोज पाय उचलत नाही. तरी येणार आहे मी. आले की सगळ्यांसमोर ते मशीन काढीन आणि मिक्सरचं सगळं सांगीन, माझी शरम आणि तुमची दोन्ही. मग गाणं पहिल्यापासून लावीन, कानात घालून नाही, मोकळं. आणि हॉर्न वाजून तुमचं बोट खाली येईपर्यंत, कडी कुणीही वाजवू दे, मी दार उघडणार नाही.